पट्टी सोडून

स्वयंपाकघराच्या दाराला, डाव्या अंगाला,
आईनं पेन्सिलीनं आमची उंची लिहून ठेवली आहे.
सुन्वा, सहा वर्षं. हानुस, चार.
सुन्वा, अकरा. त्या वर्षी बोटी रिकाम्या परतत होत्या
आणि मी तरीही चार बोटं वाढले.
चौकटीला तीनदा रंग दिला बाबांनी,
तेवढी पट्टी सोडून.

गेल्या ऑक्टोबरात आईच म्हणाली, आता माझी घे.
मी तिच्या डोक्यावर पुस्तक आडवं धरलं.
लग्नाच्या वर्षी बाबांनी गमतीत काढलेली तिची खूण
पुस्तकाच्या पाच बोटं वर राहिली.
"एवढी मी कुठं सांडले गं?"
म्हणाली, आणि किटली ठेवायला वळली.

थोर्शहाव्नच्या इस्पितळात यंत्राखाली
आधी मला झोपवलं, तिला नाही.
माझं आतडं एकोणिसाव्या वर्षापासून धुमसतंय.
आमच्या बेटांवर या दुखण्याला फारसं कुणी दचकत नाही.
विचारत गेलं की कुणाची मावशी निघते,
कुणाचा बोटीवरचा सोबती.
राखेखाली विस्तव राखावा तसं ते राहतं.
भडकलं की गोळ्या,
निवलं की पुन्हा मासे, बटाटे, लोकर.

डॉक्टर रान्वा सांगत होती:
हाड म्हणजे दगड नव्हे, न संपणारी डागडुजी.
एक टोळी खणत जाते, मागून दुसरी भरत येते.
आतड्यातली धग खणणाऱ्यांना निरोप धाडते,
आणखी, आणखी,
आणि भरणाऱ्यांचे हात आखडतात.
कुणाच्या रक्तात हा निरोप कुजबुजत जातो,
कुणाच्या ओरडत.
फरक कधी एका अक्षराचा.
अब्जावधींत एक अक्षर, पिढ्यांमागून पिढ्या उतरवून घेतलेलं,
पहिल्यांदा कुठल्या होडीतून किनाऱ्याला लागलं
कोण जाणे.

मी विचारलं, म्हणजे ठरलेलंच?
ती म्हणाली, छे. हा नुसता वाऱ्याचा रोख. बोट तुझी.
मला ते वाक्य आवडलं नाही.
ज्यांच्या बोटी असतात
ते असं बोलत नाहीत.

तिघांचं रक्त घेतलं.
कागद येईपर्यंत तीन आठवडे
आई माझ्या बशीत मासा वाढायची आणि नजर चुकवायची.
मीच घातलं असणार तुझ्या हाडीमाशी,
एवढंच एकदा म्हणाली, सिंककडे तोंड करून.

कागद आले फेब्रुवारीत, गारांच्या दिवशी.
आईकडे ते अक्षर नाही.
पाच बोटं ती अशीच सांडली,
वयानं, सिगारेटींनी,
दिव्याखाली काढलेल्या बाहत्तर हिवाळ्यांनी.
हानुसकडे आहे,
आणि तो अजून मेंढा काखेत मारून डोंगर उतरतो.
माझ्याकडे आहे.

आईनं कागद उलटा करून पाहिला,
मागे काही लिहिलंय का ते.
मग कुणीच बोललं नाही,
कारण बेरीज सोपी होती.
बाबा. ज्यांची हाडं मोजायला कुणाला मिळाली नाहीत.
उत्तरेकडच्या पाण्यात, पन्नासाव्या वर्षी,
होती तेवढ्या पक्क्या हाडांनिशी.

आई हसली.
मला कळेना, हसावं असं यात काय.
"तरीच," म्हणाली,
"जाताना काहीतरी विसरल्यासारखा
दारातून दोनदा परत आला होता."

आता मी रोज बंदरापर्यंत चालते, पाठीवर पिशवी, पिशवीत वाळू.
आठवड्याची गोळी उठल्या उठल्या, पाण्यासोबत,
मग अर्धा तास ताठ उभी,
शाळेत चुकलेल्या मुलीसारखी.
माझं आतडं आज गप्प आहे.
उद्याचं मी विचारत नाही.

काल रात्री आई म्हणाली, तूही उभी राहा.
स्टुलावर मी तिला चढू दिलं नाही.
तिनं हात उंच करून, न बघता,
माझ्या डोक्यावरून पेन्सिल ओढली.
रेघ तिरपी आली.
तिचं एक टोक माझ्या अठराव्या वर्षाच्या वर,
दुसरं खाली.
मी पुसायला गेले तर म्हणाली,
असू दे.